हवेचे माप आणि शिक्षकाचे सत्य

शालेय पुस्तकांतील पर्यावरणाच्या धड्यांत एक कर्ता हमखास भेटतो. त्याचे नाव मानव. मानवाने जंगले तोडली, मानवाने हवा दूषित केली, मानवाने पृथ्वीचे तापमान वाढविले. हा मानव कोण, तो कोणत्या गावी राहतो, त्याच्या घरी किती दिवे लागतात आणि दाराशी किती गाड्या उभ्या असतात, याचा पत्ता धड्यात नसतो. माण तालुक्यातील मेंढपाळाची मुलगी ते वाक्य पाठ करते, पुण्या-मुंबईतील उंच इमारतीत राहणारा मुलगाही तेच पाठ करतो, आणि परीक्षेत दोघांनाही सारखेच गुण पडतात. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नाही. नीतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे वाक्य जपून हाताळण्याजोगे आहे, कारण त्यात अपराधाची नोंद आहे आणि अपराधी कोण ते सांगितलेले नाही.

हा विषय शिकवावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०२० साली ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले, तेव्हा भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश ही पंचमहाभूतेच त्याची पाच अंगे ठरविली. आपल्या धर्मग्रामांतूनही २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकानंतर बोधसभा झाल्या, झाडे लावली गेली, भित्तिपत्रके रंगली. शिकविणाऱ्यांची निष्ठा मोठी आहे. मला विचार करावासा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. वातावरण आणि हरितगृह वायू हा विषय मुलांना खरेपणाने शिकविणे म्हणजे नेमके काय? हेतू चांगला असला म्हणजे शिकविणे आपोआप सत्य होते काय?

आधी विषयच थोडा पाहू. तो इतका सुंदर आहे की नीतीचा प्रश्न निघण्यापूर्वी त्याचा आनंद मुलांना मिळाला पाहिजे. बुध हा सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह. तेव्हा तोच सर्वांत तप्त असावा, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात बुधावर दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस उष्णता असते आणि रात्री ती शून्याखाली १८० अंशांपर्यंत उतरते. शुक्र सूर्यापासून बुधाच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे, तरी तेथे दिवसरात्र सुमारे ४६५ अंश उष्णता कायम. शिसे वितळावे इतकी. कारण बुधाला म्हणण्यासारखे वातावरण नाही आणि शुक्राचे वातावरण पृथ्वीच्या सुमारे ९२ पट दाबाचे, त्यातही ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड. ‘मग हा वायूच सारे करतो,’ असे म्हणून पुढे जाणाऱ्या शिक्षकाला चुणचुणीत विद्यार्थी अडवितो. मंगळाच्या हवेतही ९५ टक्के तोच वायू आहे. मग मंगळाचे सरासरी तापमान शून्याखाली ६० अंशांच्या आसपास का? उत्तर असे की टक्केवारीत काही नाही, मापात आहे. मंगळाची हवा इतकी विरळ की तिचा दाब पृथ्वीच्या हवेच्या एक टक्काही भरत नाही.

आमच्या भागात जुन्या लुगड्यांची, धोतरांची शिवलेली वाकळ घरोघरी असे. अजूनही पुष्कळ घरांत आहे. वाकळ स्वतः ऊब निर्माण करीत नाही, अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मंगळाची वाकळ पार विरलेली आहे, शुक्रावर अशा वाकळींचा ढीग आहे आणि पृथ्वीला मिळाली आहे ती बेताची. हवेतला नव्व्याण्णव टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा. ते ही ऊब अडवीत नाहीत. अडविणारे आहेत बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोडके वायू. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश झाले असते. त्यांच्यामुळे ते १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ज्या वायूला आपण भित्तिपत्रकावर काळ्या राक्षसाच्या रूपात रंगवितो, त्याच्या उबेवर गहू पिकतो, द्राक्षे पिकतात, आणि म्हणून वेदीवर भाकर आणि द्राक्षारस येतो. संत अगस्तीन यांनी सांगितलेली एक गोष्ट सेमिनरीत आम्हांला वारंवार ऐकविली जाई: निर्मिलेले सर्व चांगले आहे; दुष्टता हा कोणताही पदार्थ नव्हे, ती चांगल्यातील माप, रूप आणि क्रम यांची हानी होय. वातावरणाचा धडा शिकविताना मला त्या वचनाइतके उपयोगी दुसरे काही सापडलेले नाही.

पण येथेच पहिला मोह उभा असतो, तो शुक्राचा धाक घालण्याचा. ‘सुधारला नाहीत तर पृथ्वीचा शुक्र होईल’ हे वाक्य व्याख्यानात फार परिणामकारक ठरते. मुले गप्प होतात. अडचण एवढीच, की ते खरे नाही. मनुष्यप्राण्याला खणून काढता येईल तेवढा कोळसा आणि तेल जाळूनही पृथ्वीची गत शुक्रासारखी होणार नाही, असेच आजचे शास्त्र मानते. शुक्राजवळ आहे जवळपास तेवढाच कार्बन पृथ्वीजवळही आहे, परंतु तो हवेत नसून खडकांत, मुख्यतः चुनखडीत बांधलेला आहे. पाऊस हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून खाली आणतो, त्या सौम्य आम्लाने खडक झिजतो, नद्या ते द्रव्य समुद्रात नेतात. सह्याद्रीचा काळा पाषाण लक्षावधी वर्षे असाच झिजत आला. आपली काळी जमीन ही त्या झिजेची देणगी, आणि कोरडवाहू रानात नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे खडे म्हणजे एकेकाळची हवाच. विद्यार्थ्याच्या हाती असा खडा द्यावा. पृथ्वीच्या हवेचा ताळेबंद कोण सांभाळतो हे त्याला शुक्राच्या भयापेक्षा अधिक चांगले कळेल. तो कारभार अतिशय संथ आहे आणि आपली घाई त्याला झेपणारी नाही, हेही कळेल. दोन-तीन अंशांची वाढ हे शुक्राचे भयंकर चित्र नव्हे, पण शेत, नदी आणि दमेकरी आजोबा यांना ती पुष्कळ झाली.

दुसरा मोह आम्हा प्रवचनकारांचा. शुक्र हा नरक, मंगळ हे स्मशान आणि मधली पृथ्वी देवाने आपल्यासाठी मापून ठेवलेली, अशी मांडणी वेदीवरून फार शोभते. देवाने सर्व काही माप, संख्या आणि वजन यांनी मांडले, असे ज्ञानग्रंथ सांगतो. त्यावर माझी श्रद्धा आहे. परंतु शुक्र आणि मंगळ हेही त्याच निर्मात्याचे आहेत आणि तेथेही तेच नियम चालतात. त्यांना आपल्या धाकासाठी भुताखेतांसारखे वापरण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात संत अगस्तीन यांनी ख्रिस्ती उपदेशकांना कळकळीची ताकीद दिली आहे: आकाश, तारे, ऋतू यांच्याविषयी अख्रिस्ती माणसेही अनुभवाने पुष्कळ जाणतात, त्यांच्यासमोर पवित्र शास्त्राच्या नावाने अज्ञान बोलाल, तर ज्या गोष्टी त्यांना दिसत नाहीत त्यांविषयीही ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. सोळाशे वर्षांपूर्वीची ही सूचना आजच्या विज्ञान-प्रदर्शनाच्या दारावर लावण्याजोगी आहे.

प्रदर्शनाचा विषय निघालाच आहे, तर तिसऱ्या मोहाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तो सर्वांत सोज्ज्वळ आहे. शाळाशाळांतून एक प्रयोग होतो. दोन पारदर्शक बाटल्या, दोन तापमापके, वर एक प्रखर दिवा. एका बाटलीत साधी हवा. दुसरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. काही मिनिटांत दुसरी बाटली अधिक तापते, टाळ्या पडतात, आणि हरितगृह परिणाम सिद्ध झाला असे सांगितले जाते. निष्कर्ष खरा आहे. प्रयोग मात्र त्याचा पुरावा नाही. २०१० साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी याच धर्तीचा प्रयोग तपासून पाहिला. उष्णतेचे किरण मुळीच न शोषणारा, परंतु हवेपेक्षा जड असा आर्गॉन वायू त्यांनी वापरला, तरी तापमान तसेच वाढले. म्हणजे पात्रातील वाढ मुख्यतः जड वायू वर-खाली हलत नाही म्हणून होते. वायूने उष्ण किरण अडविल्याचा तेथे फारसा संबंध नसतो. उत्तर बरोबर, कारण चूक.

आता शिक्षकाने काय करावे? एक सज्जन शिक्षक मला म्हणाले, “फादर, मुलांना शेवटी जे कळायला हवे ते कळले ना? मग एवढ्या बारकाव्यात कशाला शिरायचे?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो नवा नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी कॉन्सेंशियस नावाच्या एका गृहस्थाने अगस्तीन यांच्याकडे विचारणा केली होती की, दडून राहिलेल्या पाखंडी लोकांना उघडे पाडण्यासाठी आपणही पाखंडी असल्याचे सोंग घेतले तर काय बिघडले? अगस्तीन यांनी त्याला एक अख्खा ग्रंथ लिहून नकार दिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की सत्याकडे नेण्यासाठी असत्य वापरले तर ज्याला नेले त्याला पुढे कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा हेच कळेनासे होते. बाटलीच्या प्रयोगालाही मी हेच लावतो. ज्या शिक्षकाला त्यातील दोष ठाऊक नाही, त्याच्याकडे दोष जात नाही. ज्याला कळले, त्याने तो पुरावा म्हणून दाखवू नये. उद्या हाच विद्यार्थी महाविद्यालयात जाईल, तेथे कोणीतरी त्याला त्या प्रयोगातील खोट दाखवील आणि वर म्हणेल, ‘बघ, तापमानवाढीचे सगळे असेच रचलेले आहे.’ त्या क्षणी त्याच्यापाशी दुसरा आधार नसेल.

आणि आधार जवळच आहे. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी आणि लिंगमळ्याकडे पहाटे पानांवरचे, गवतावरचे दव गोठल्याच्या बातम्या दरसाल वर्तमानपत्रांत येतात. त्याच बातमीत हवेचे तापमान मात्र शून्याच्या चार-सहा अंश वर दिलेले असते. मग पाणी गोठले कसे? हा प्रश्न वर्गात टाकून गुरुजींनी थोडा वेळ गप्प बसावे. रात्री जमीन, गवत, मोटारीचे टप सारे आपली ऊब अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडीत असते. आकाशाकडून परत येणारी ऊब कमी पडली की गवताचे पाते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर ते शून्याखाली जाते. त्याच ठिकाणी आभाळ भरून आले की दव गोठत नाही. ढगांनी वाकळ घातलेली असते. कारखान्यांत वापरतात तसले अवरक्त तापमापक आता शाळेलाही परवडते. हिवाळ्याच्या रात्री ते निरभ्र आकाशाकडे आणि मग एखाद्या ढगाकडे रोखून पाहावे. आकडे बोलू लागतात. अर्थात हे साधन मुख्यतः बाष्पाची आणि ढगांची ऊब दाखविते, कार्बन डायऑक्साइडची नव्हे, आणि तेही मुलांना सांगितले पाहिजे. महाबळेश्वरलाच २०१२ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. सहल नेहमी स्ट्रॉबेरीच्या मळ्यापाशीच का थांबावी, हे मला कळलेले नाही.

आता त्या ‘मानवा’कडे वळू.

नीतिशास्त्राचा साधा नियम आहे: अपराधाला ज्ञान हवे आणि संमती हवी. जे ठाऊक नव्हते आणि ठाऊक होणे शक्यही नव्हते, त्याचा दोष लागत नाही. या कसोटीवर हवेचा इतिहास लावून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ साली काचेच्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड अधिक तापतो हे नोंदले. बाटलीच्या प्रयोगाची आजीच म्हणा, आणि तिच्यातही किरणांचा उलगडा झालेला नव्हता. पुढे तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण अडवितात हे मोजून दाखविले. स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी १८९६ साली हवेतील हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. पुढे त्यांनी असेही लिहिले की ही ऊब थंड प्रदेशांना सुखाचीच होईल. हिमप्रदेशात बसून ते तसे वाटणे स्वाभाविक होते. म्हसवडला बसून कोणी ते लिहिले नसते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. यंत्रयुगापूर्वी तो २८० च्या आसपास असे. २०२४ साली तो ४२० च्या वर गेला. १९८८ साली राष्ट्रसंघाच्या छायेखाली शास्त्रज्ञांचे आंतरशासकीय मंडळ स्थापन झाले, १९९२ साली रिओ येथे करार झाला. येथपासून पुढे ‘ठाऊक नव्हते’ असे कोणत्याही शासनाला म्हणता येत नाही. आणि आजवर कोळसा, तेल, वायू जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्यातील निम्म्याहून अधिक १९९० नंतर गेलेला आहे. पापनिवेदनाला बसणाऱ्या धर्मगुरूला यातील फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

मग प्रश्न कोणाचा, हाही तितकाच. एका भारतीयामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका अमेरिकन माणसामागे सुमारे १४ टन. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या ‘लाऊदाते देऊम’ या पत्राच्या शेवटी माणशी वायूची ही तफावत मुद्दाम नोंदली आहे आणि ‘लाऊदातो सी’ मध्ये श्रीमंत देशांकडे असलेल्या पर्यावरणीय ऋणाविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. भारताची सरासरीही फसवी आहे. तिच्यात विमानाने जाणारा उद्योजक आणि मेंढरांमागे चालणारा धनगर एकाच ओळीत बसविलेले असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली प्रायश्चित्तावरील आपल्या पत्रात सामाजिक पापाचा विचार केला आहे. अन्यायी रचना असतात हे त्यांनी मान्य केले, परंतु त्यांच्यामागे माणसांनी केलेली व्यक्तिगत पापे असतात हे आवर्जून सांगितले आणि दोष एखाद्या निनावी समूहावर टाकून मोकळे होण्याबद्दल सावध केले. ‘मानवाने केले’ हे वाक्य मला नेमके तसले वाटते. ते म्हणताना सर्वांच्या माना खाली जातात आणि कोणाचाही हात खिशाकडे जात नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पुढे २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, पाटण तालुक्यात डोंगर खचून वस्त्या गाडल्या गेल्या. तेवढ्या पावसावर माण तालुक्याचे सारे वर्ष निघते, आणि हे दोन्ही तालुके एकाच सातारा जिल्ह्यातले. २०१९ च्या पुरानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, “फादर, आमच्या घरात पाणी आलं ते आमच्या पापामुळं का?” तो सहावीत होता. त्याच्या वह्या, दप्तर, आईची शिवणयंत्राची पेटी सारे चिखलात गेलेले. शाळेत मानवाने तापमान वाढविले हे त्याने वाचले होते; शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून देवाच्या कोपाविषयी ऐकले होते; दोन्हींची बेरीज त्याने स्वतःच केली होती.

अशा वेळी मुलाला काय सांगावे, याचे उत्तर शुभवर्तमानात तयार आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूने लोकांना विचारले आणि नाही असे स्वतःच उत्तर दिले. संत लूकच्या तेराव्या अध्यायातला हा प्रसंग मी त्याला वाचून दाखविला. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर अर्धेच सांगितले असते, कारण प्रभूही तेथे थांबत नाही. तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे आवाहन करतो. बुरूज कोणी, कसा बांधला होता हे विचारणे अजून उरतेच. म्हणून मी पुढेही सांगितले. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखविले आहे की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एखादा ठराविक पूर केवळ तापमानवाढीनेच आला, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबरच पूररेषेतील अतिक्रमणांकडेही बोट दाखविले. धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे, हाही वाद झाला. इतके सारे सहावीच्या मुलाला कळते काय? कळते. त्याने पाणी पायरी पायरीने चढताना पाहिले होते. नदीच्या पात्रात भराव कोठे पडला आहे, ते माझ्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक होते.

त्या वर्गानंतर माझे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे गेले, जी मराठीत आहे आणि लॅटिनमध्येही नाही, इंग्रजीतही नाही. त्या भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच शब्द. मराठी माणूस बोलता बोलता ठरवितो की ऐकणाऱ्याला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे. आई म्हणते, ‘आम्ही बाजारात जाऊन येतो,’ तेव्हा मुलाला कळते की आपण घरीच राहायचे आहे. ‘आपण जाऊ’ म्हटले की ते चपला शोधू लागते. पृथ्वीच्या तापमानाविषयी बोलणारा शिक्षक ‘आपण पृथ्वी तापविली’ असे म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दाने तो अकरा वर्षांच्या लेकराला ऋणपत्रावर सही करावयास लावतो. हे कर्ज त्याने घेतलेले नाही. त्याच्या आजोबांनीही घेतलेले नसण्याचा संभव फार. त्या वाक्यात ‘आम्ही’ शोभेल, ‘आम्ही मोठ्यांनी’, आणि तेही कोणी मोठ्यांनी, ते सांगून. पुढे काय करावयाचे या वाक्यात मात्र ‘आपण’ हवे, कारण त्या मुलाला त्यातून वगळणे हाही अन्यायच होईल. काही सहृदय पालकांना वाटते की मुलांना हे ओझे नकोच, त्यांना फुलपाखरे दाखवावीत. मुलांना न सांगता त्यांच्या नावावर कर्ज चढवीत राहणे ही माया नव्हे.

‘आपण’ काय करावयाचे, हे सांगतानाही खरेपणाचा कस लागतो. कृष्णाकाठी उसाचे पाचट जाळतात, आणि त्याने पृथ्वी तापते असे मुलांना सांगितले जाते. पाचटातील कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. तो परत हवेत जातो. पाचट जाळू नये हे खरेच, पण मुख्यतः धुरासाठी आणि जमिनीच्या कसासाठी. त्याच शेतात गरजेहून जास्त टाकलेल्या युरियापासून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू उठतो. शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींच्या आसपास ऊब अडवितो. तो दिसत नाही, शेतात त्याचा वास जाणवत नाही, म्हणून त्याचे भित्तिपत्रक कोणी काढीत नाही. गोबरगॅसचेही तसेच. शेणाचा मिथेन चुलीत जाळला तर लाकूड वाचते, आईच्या डोळ्यांतला धूर जातो. टाकीच गळकी असेल तर तोच वायू हवेत जाऊन उलट ताप वाढवितो. शेतकऱ्याच्या मुलाला हे बारकावे शिकविले तर तो घरी जाऊन वडिलांशी युरियाच्या गोणीविषयी बोलू शकेल. ‘झाडे लावा’ एवढेच शिकविले तर तो पाच जूनला झाड लावील.

शेवटी विजेचा प्रश्न येतो, आणि तेथे मला सोपे उत्तर दिसत नाही. माणदेशात चैत्रात पत्र्याच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलीला पंखा हवा असतो. तिची ही इच्छा पाप आहे असे सुचविणारा कोणताही पाठ मी शिकविणार नाही. वीज कोळशाची असेल तर हवेत भर पडते. म्हणून धूर नसलेली वीज हवी. सातारा जिल्ह्याला त्याचा अनुभव आहे. चाळकेवाडी आणि वनकुसवडे यांच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून जनित्रे फिरवीत आले आहे. कोयनेची वीज कोळसा न जाळता येते, हे पुस्तकात असते. तिच्यासाठी शिवसागर जलाशयाखाली गावे गेली आणि त्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुनर्वसनासाठी मोर्चे काढावे लागले, हे बहुधा नसते. त्या गावांतली नातवंडे आज सातारा-सांगलीच्या कुठल्या ना कुठल्या वर्गात बसलेली असतील. निर्धूर विजेचा धडा त्यांनाही शिकवायचा आहे, आणि ती वर्गात आहेत हे लक्षात ठेवून शिकवायचा आहे.